गोव्यात ओएलईडी घ्यावा का? लोगोचा छापा, बॅकलाइटच्या पट्ट्या आणि खारी हवा

पणजी असो, म्हापसा असो की मडगाव, लाखभर रुपये खिशात घालून मोठा टीव्ही बघायला गेलेल्या गिऱ्हाइकाला काउंटरवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "ओएलईडी नको, त्याच्यावर लोगो बसतो." लगेच शेजारचा मिनी एलईडी (पडद्यामागे बारीक दिव्यांची दाटी असलेला एलईडी टीव्ही) पुढे केला जातो. वाक्य खोटं नाही, पण अर्धं आहे. लोगो कोणाच्या टीव्हीवर बसतो आणि कोणाच्या नाही, हे कोणी सांगत नाही. आणि ज्याच्यावर लोगो बसत नाही तो एलईडी टीव्ही गोव्यात कशाने मरतो, ते तर नाहीच नाही. म्हणून हे परीक्षण एका मॉडेलचं नाही. ५५ इंची ओएलईडी, मिनी एलईडी आणि साधा एलईडी हे तिन्ही प्रकार इथल्या हवेत, इथल्या विजेवर आणि आपल्या सवयींपुढे कसे टिकतात, ते इथे बघू.

आधी छाप्याविषयी. ओएलईडीच्या पडद्यामागे दिवा नसतो. प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि जितका उजळतो तितका झिजतो. जुन्या घराच्या चिऱ्याच्या पायरीला जिथे रोज पाऊल पडतं तिथेच खळगा होतो, तसंच हे. वाहिनीचा लोगो वरच्या कोपऱ्यात सहा-सहा तास एकाच जागी पेटलेला असेल तर त्या जागचे ठिपके शेजाऱ्यांपेक्षा आधी म्हातारे होतात. मग पडद्यावर एकसारखा रंग आला, म्हणजे आकाश, फुटबॉलचं मैदान किंवा करड्या भिंतीचं दृश्य आलं, की त्या जागी लोगोची मळकट सावली दिसते. "स्क्रीन जळाली" असं आपण म्हणतो, पण काहीच जळालेलं नसतं. झीज असमान झालेली असते. झिजलेला ठिपका पुन्हा नवा करता येत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. यूट्यूबवर रंग झरझर बदलणारे जे दहा-दहा तासांचे व्हिडिओ "उपाय" म्हणून फिरतात, ते असली छाप घालवत नाहीत. उलट पडदा उगाच आणखी झिजवतात.

तात्पुरती सावली ही वेगळी गोष्ट. तासभर एकच चित्र ठेवलं आणि त्याची पुसट आकृती उरली, तर ती दहा-वीस मिनिटं दुसरं काही बघितल्यावर जाते. अशी सावली एलसीडीवर, म्हणजे ज्याला आपण सर्रास एलईडी टीव्ही म्हणतो त्यावरही येते. तिथे द्रव-स्फटिकांच्या थरात विद्युतभार साचलेला असतो, तो ओसरला की काम झालं. दुकानदार आणि गिऱ्हाईक यांची निम्मी भांडणं या दोहोंत गल्लत झाल्याने होतात.

आता चाचणीचं बोलू. आरटिंग्ज या परीक्षण करणाऱ्या संकेतस्थळाने २०१८ साली एलजीच्या सी७ जातीचे सहा ओएलईडी एकाच वेळी लावले, प्रत्येकावर वेगळा कार्यक्रम. पाच तास चालू, एक तास बंद, असं दिवसाला २० तास. पूर्ण उजेडावर सीएनएन लावलेल्या टीव्हीवर खुणा सर्वात लवकर आणि सर्वात ठळक उमटल्या. कॉल ऑफ ड्यूटी हा खेळ चालवलेल्या टीव्हीवर हजारो तासांनंतरही डोळ्यांना जाणवेल असं काही नव्हतं. पडदे सारखेच आणि तासही सारखेच होते, फरक होता तो चित्रात. लाल पट्टी, पांढरी अक्षरं आणि न हलणारा लोगो, म्हणजे आपल्या कुठल्याही बातमी वाहिनीचा चेहरामोहराच.

यावरून हिशोब मांडता येतो. घरात रोज पाच तास टीव्ही चालला तर वर्षाला १८२५ तास होतात. त्यात मालिका, सिनेमा, क्रिकेट, मुलांची कार्टूनं आणि तासभर बातम्या अशी सरमिसळ असेल, तर पाच-सात वर्षांत लोगो बसण्याची धास्ती बाळगायचं कारण आम्हाला दिसत नाही. आता बार घ्या. सकाळी दहाला शटर वर, रात्री बाराला खाली, म्हणजे चौदा तास आणि वर्षाला ५११० तास. मालक क्रीडा वाहिनी लावून ठेवतो, रिमोट गल्ल्याच्या खणात. वरती डाव्या कोपऱ्यात स्कोअर, उजवीकडे लोगो, आणि लांबच्या टेबलावरून दिसावं म्हणून उजेड शंभरावर. अशा ठिकाणी ओएलईडी लावणं म्हणजे पैसे मांडवीत टाकणं. हॉटेलच्या खोलीतला "सुस्वागतम" लिहिलेला पडदा आणि किनाऱ्यावरच्या शॅकमधला "आजचे मासे" फलक तर त्याहून वाईट, कारण तिथे चित्र हलतच नाही. त्यासाठी एलसीडीचाच पडदा हवा, आणि तोही शक्यतो दिवसभर चालण्यासाठी बनवलेला, दुकानी वापराचा.

एक प्रश्न नेहमी येतो: एलजीच्या पठडीतला ओएलईडी की सॅमसंगने २०२२ पासून आणलेला क्वांटम डॉटवाला (म्हणजे उजेडाचा रंग बदलणारे अतिसूक्ष्म कण असलेला)? पहिल्यात पांढऱ्या उजेडावर रंगीत गाळण्या आणि जोडीला एक पांढरा उपठिपका (ठिपक्यातलाच एक भाग) असतो. दुसऱ्यात निळा उजेड क्वांटम डॉटमधून जाऊन लाल-हिरवा होतो, पांढरा उपठिपका नाही. रंग दुसऱ्याचे जास्त भरदार. पण उन्हाचा उजेड येणाऱ्या खोलीत त्याचा काळा किंचित जांभळट-करडा दिसतो. मोठ्या खिडक्या आणि बाल्कांव (दारापुढची बसायची ओसरी) असलेल्या घरात हे डोळ्यांना खुपतं. तिथे आम्ही पहिलाच सुचवू.

भिंतीवरचं बटण

ओएलईडी घेतलेल्या दहातल्या बहुतेक घरांत जी चूक होते ती ही. रात्री झोपताना रिमोटने टीव्ही बंद करायचा आणि लगेच भिंतीवरचं बटणही खाली. वीज वाचते, शॉर्टसर्किटची भीती नको, आई-वडिलांनी तसंच शिकवलेलं. ओएलईडीला मात्र ही सवय घातक आहे.

कारण असं, की झीज सारखी करण्याचं काम टीव्ही स्वतःच करतो, पण ते बंद झाल्यावर. एलजीच्या टीव्हीत एकूण चार तास वापर झाला की पुढच्या वेळी रिमोटने बंद केल्यावर तो काही मिनिटं आतल्या आत प्रत्येक ठिपक्याची मोजणी करतो आणि विद्युतप्रवाह जुळवून घेतो. पडदा काळा असतो, बाहेरून काहीच कळत नाही. फार तर आत रिलेचा "टक्" असा आवाज येतो. ही मोजणी चालू असताना किंवा सुरू होण्याआधीच बटण खाली केलं तर ती राहून जाते. महिनोन्‌महिने राहिली की पडद्यावर उभे पट्टे आणि ढगाळ डाग दिसू लागतात, आणि मग "गोव्याच्या हवेत ओएलईडी चालत नाही" असं म्हणायला आपण मोकळे.

म्हणून नियम साधा ठेवा. रिमोटने बंद करा, किमान वीस मिनिटं थांबा, मग वाटल्यास बटण. रोज रात्री बटण चालू ठेवलं तरी स्टँडबायची वीज अर्ध्या वॉटच्या आसपासच जाते. वीज अर्ध्यात गेली तर घाबरू नका, राहिलेली मोजणी टीव्ही पुढच्या वेळी करतो.

अशीच दुसरी, मोठी मोजणी, म्हणजे पडद्याची सफाई, सुमारे २००० तासांनी एकदा होते आणि तिला तासभर लागतो. वर सांगितलेल्या घरात ती वर्षाहून थोड्या जास्त काळाने येईल, बारमध्ये पाच महिन्यांच्या आतच. मेनूमध्ये ती हाताने चालवायची सोयही असते. ती मात्र गंमत म्हणून चालवू नका. सोनीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असतं की छाप ठळक दिसत असेल तरच चालवा, वर्षातून एकदाच, आणि खोलीचं तापमान १० ते ४० अंशांच्या मधे असताना. त्या वेळी पडद्यावर पांढरी रेघ दिसली तर तो बिघाड नव्हे. मे महिन्यात पत्र्याखालच्या माडीवर दुपारी दोनला ही सफाई चालवू नये, एवढं यातून समजायचं.

सेटिंगमध्ये करायचं थोडंच आहे. दुकानात लावलेला "व्हिव्हिड" मोड काढून "सिनेमा" किंवा "फिल्ममेकर" करा. ओएलईडीचा उजेड ४० ते ६० च्या मधे ठेवा. पडदा किंचित सरकवणारा "स्क्रीन शिफ्ट" चालू. स्थिर लोगो मंद करणारा पर्याय "हाय" वर. आणि डीटीएचच्या बॉक्सवर एखादी वाहिनी थांबवून जेवायला बसायची सवय सोडा; जाताना टीव्हीच बंद करा. सर्व्हिस मेनूत शिरून आपोआप मंद होण्याची सोय बंद करून देणारे कारागीर सापडतात. चित्र मंद होत नाही म्हणून दोन दिवस बरं वाटतं, पण ती सोय पडदा वाचवण्यासाठीच असते, आणि वॉरंटीचा वाद झाला तर हेच पहिलं बघतात.

एलईडी कशाने मरतो

आता ज्याच्यावर लोगो बसत नाही त्याची गोष्ट. साध्या एलईडी टीव्हीत पडद्यामागे एलईडीच्या पट्ट्या असतात आणि त्या माळेसारख्या एकापुढे एक जोडलेल्या. एक एलईडी तुटला की माळच विझते. लक्षण ओळखीचं आहे: आवाज येतो, चित्र नाही. किंवा चालू केल्यावर दोन सेकंद चित्र दिसतं आणि गुडूप, कारण ड्रायव्हर सर्किटला गडबड कळून तो स्वतःला बंद करतो. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका मारून बघा. अंधुक चित्र हलताना दिसलं तर पॅनेल शाबूत आहे, पट्ट्या गेल्यात. "पॅनेल गेलं, नवा घ्या" असं कोणी म्हणालं तर आधी ही परीक्षा त्याच्यासमोर करा. पडद्यावर पांढरे, चंद्रासारखे गोल ठिपके दिसत असतील तर एलईडीवरची भिंगं डिंक सुटून खाली पडली आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

दुरुस्तीला टाकताना तीन गोष्टी विचारा. पहिली, सगळा संच बदलणार की गेलेला एकच एलईडी? एकच बदलला तर दोन-चार महिन्यांत शेजारचा जातो, कारण सगळे सारखेच शिजलेले असतात. दुसरी, नव्या पट्ट्यांचा करंट थोडा कमी करून देणार का? जाणता कारागीर वीस-तीस टक्के कमी करतोच. उजेड थोडा घटतो, आयुष्य चांगलं वाढतं. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, काच कशी उचलता? ५५ इंची काच दोन माणसांनी, सक्शन कप लावून, सपाट उचलायची असते. तिच्या कडेला लोंबणाऱ्या पातळ फिल्मवर चालक चिप बसवलेल्या असतात. त्यातली एक फाटली की पडद्यावर उभी रेघ कायमची. एकटा माणूस "करतो हो" म्हणाला तर टीव्ही उचलून घरी न्या.

पट्ट्या जाणं टाळायचा उपाय फुकटचा आहे: नवा टीव्ही आणल्याच्या दिवशीच बॅकलाइट शंभरावरून ६०-७० वर आणा. बऱ्याच कंपन्या तो शंभराजवळ ठेवून पाठवतात, कारण दुकानातल्या ट्यूबलाइटखाली झगमगाट विकला जातो.

कडेने उजेड टाकणाऱ्या, नखाएवढ्या जाडीच्या एज-लिट एलईडीपासून मात्र चार हात लांब राहा. सगळे एलईडी एकाच कडेला दाटीने बसवल्यामुळे उष्णता तिथेच साचते. आरटिंग्जने २०२२ मध्ये शंभर टीव्हींची जी दीर्घ चाचणी सुरू केली, तिच्यात अशा टीव्हींतल्या उजेड पसरवणाऱ्या प्लास्टिकच्या पाट्यांना तडे गेलेले आणि मागचे परावर्तक कागद वाकलेले सापडले. थंड देशातल्या खोलीत ही गत. आपल्याकडे एप्रिल-मेचा घाम वेगळा. मिनी एलईडीत शेकडो-हजारो बारीक एलईडी पूर्ण पाठभर पसरलेले असतात, उष्णता वाटली जाते, म्हणून बार आणि शॅकसाठी आमची पसंती मिनी एलईडीलाच. काळा रंग ओएलईडीइतका गडद मिळणार नाही, अंधारात अक्षरांभोवती उजेडाची साय दिसेल. बारमध्ये ते कोण बघतो?

हवा आणि पाणी

बहुतेक टीव्हींच्या पुस्तिकेत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांपर्यंत चालेल असं असतं. जुलैतल्या गोव्याच्या सकाळी हा आकडा नव्वदीच्या घरात असतो. त्यात कळंगुट, कोलवा, पाळोळे अशा किनाऱ्यालगत मिठाचा अंश. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट बुरा चढतो, टी-कॉन बोर्डाची (पडद्याला चित्राचे संकेत पुरवणाऱ्या बोर्डाची) चपटी वायर दाबली की चित्र येतं आणि सोडली की जातं. हे पॅनेलचं दुखणं नसतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पिना पुसल्या की पुष्कळदा टीव्ही पूर्ववत होतो.

चिऱ्याच्या भिंतीला पश्चिमेकडून पाऊस लागत असेल तर त्या भिंतीवर टीव्ही टांगू नका. भिंत पाणी पिते आणि आतून सप्टेंबरपर्यंत सोडत राहते. आतली भिंत निवडा, पाठीमागे किमान चार बोटं जागा सोडा. पाली आणि बारीक मुंग्या मागच्या जाळीतून ऊब शोधत आत जातात आणि पॉवर सप्लायच्या बोर्डावर आडव्या होतात. जाळीवर बारीक नायलॉनची मच्छरदाणी लावा, पण हवा अडवणारी टेप नको. पडदा पुसताना त्यावर थेट फवारा मारू नका. थेंब ओघळून खालच्या कडेत जातो, आणि चिपवाल्या फिल्म बऱ्याच टीव्हींत तिथेच असतात.

बरेच टीव्ही मरतात ते बंद घरातले. घरची मंडळी मुंबईत किंवा परदेशात, घर जूनपासून बंद, आणि चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळे येतात. माटोळी (गणपतीवरची फळापानांची सजावट) बांधून झाली की कोणीतरी टीव्हीचं बटण दाबतं आणि फट्. तीन महिने बोर्डावर बसलेल्या ओलीवर एकदम २३० व्होल्ट आले, दुसरं काही नाही. जाण्यापूर्वी प्लग काढा, सुती चादर घाला, प्लास्टिक अजिबात नको, कारण ते ओल आत कोंडतं. परत आल्यावर आधी एक दिवस खिडक्या उघडून पंखा किंवा एसी "ड्राय" वर चालवा. मग प्लग लावून टीव्ही तासभर नुसता स्टँडबायवर ठेवा. मग चालू. शॅकवाल्यांना मे संपताना टीव्ही उतरवावेच लागतात. त्यांनी मूळ खोक्यात, उभे, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावेत. आडवा ठेवलेला मोठा पडदा स्वतःच्याच वजनाने तडकू शकतो. राहते घर असेल तर पावसाळ्यात टीव्ही रोज अर्धा तास लावणं हीच उत्तम देखभाल.

वीज

स्टॅबिलायझरवर पैसे घालू नका. आजचे टीव्ही व्होल्टेजचे सामान्य चढ-उतार आत पचवतात. खरे शत्रू दोन. पहिला, वादळात झाडाची फांदी पडून तुटलेला न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार. तेव्हा घरात २३० च्या जागी ४०० च्या जवळ व्होल्टेज येऊ शकतं. स्पाइक गार्ड इथे उपयोगाचा नाही, तो क्षणभराच्या झटक्यासाठी असतो. सतत जास्त व्होल्टेज आलं तर तो आधी स्वतः जळतो. त्यासाठी मुख्य पेटीत २७० व्होल्टच्या आसपास वीज तोडणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या.

दुसरा शत्रू डीटीएचची छत्री. वीज जवळ कडाडली की झटका छपरावरच्या छत्रीतून वायरने सेट टॉप बॉक्समध्ये, तिथून एचडीएमआयने टीव्हीच्या मुख्य बोर्डात. लोक प्लग काढतात आणि ही वायर तशीच ठेवतात, मग "प्लग काढला होता तरी गेला" म्हणून कपाळाला हात. गडगडाट सुरू झाला की प्लग आणि एचडीएमआय दोन्ही काढा. ओएलईडी असेल तर त्या रात्रीची मोजणी राहू द्या, दुसऱ्या दिवशी होईल.

वॉरंटी आणि जुना माल

वॉरंटी साधारण एक वर्षाची, काही मॉडेलांवर पॅनेलची जास्त. कार्डावर दोन ओळी शोधा: छाप बसणं वगळलेलं आहे का, आणि घरगुती वापराचीच अट आहे का. बहुतेक वेळा दोन्ही असतात, म्हणजे बारच्या नावे बिल केलं की तंटा तयार. एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यायची तर फक्त पॅनेलसाठी, कारण पॅनेल बदलायचा खर्च टीव्हीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त येतो; बाकी बोर्ड बाहेर स्वस्तात होतात. कंपनीने टाळाटाळ केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. बिघाडाचे फोटो तारखेसह आणि सर्व्हिसवाल्याचं जॉबशीट जपून ठेवा. तोंडी "पॅनेल गेलं" याला तिथे किंमत नाही.

हॉटेलं नूतनीकरण करतात तेव्हा सेकंड हँड ओएलईडी स्वस्तात निघतात. घ्यायचाच तर पेन ड्राइव्हवर पाच चित्रं न्या: सपाट करडा, अगदी गडद करडा, लाल, पिवळा, निळा. खोली अंधारी करा आणि प्रत्येक चित्र पूर्ण पडद्यावर लावून वरचे कोपरे आणि खालची पट्टी तीन-चार फुटांवरून बघा. लालवर चौकोन दिसला तर तो बातमी वाहिनीच्या लाल पट्टीचा. गडद करड्यावर पुसट उभे पट्टे नव्या टीव्हीतही असतात, त्याला घाबरू नका. एलजी असेल तर टीव्हीच्या माहितीच्या पानावर एकूण चालू तास बघा. सहा हजारांच्या वर असतील आणि टीव्ही हॉटेलच्या स्वागतकक्षातला असेल, तर किंमत विचारायचीही गरज नाही.